चौदा नंबरचा गळ

सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान.
जळालेली कॉइल उलगडायची, वेढे मोजायचे,
तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे.
हातांना दुसरं काही येत नव्हतं,
नायब सुभेदार डेर्ले भगूरच्या मळ्यातली
पाच एचपीची मोटार घेऊन आले तोवर.

मोटार झाली. पैसे दिले. गेले नाहीत.
खिशातून आगपेटी काढली, आत कापसावर
एक गळ, करंगळीच्या नखाएवढा. चौदा नंबर.
म्हणाले, तुझी बोटं बघत होतो मघापासून.
माझी आता थरथरतात.
अळी बांधशील?

काश्मिरात, लिद्दरच्या काठी, एका घोडेवाल्याने
त्यांना शिकवलेलं: ट्राउट वर उडणारं कमी खातो,
दगडाखालचं जास्त.
ट्राउट इथं कुठला? गोदावरीला तेवढी थंडी नाही,
निफाडला द्राक्षांच्या पानांवर दंव गोठलं तरी नाही.
इथं खवल्या.
चालेल, म्हणाले, भूक तीच.

आधी वजन: फ्यूजच्या तारेचे आठ वेढे.
त्यावर येवल्याचं हिरवं रेशीम. मावसबहीण
पैठणीच्या मागावर बसते, तिने तुटके धागे
बिस्किटाच्या पुड्यात घालून एसटीने पाठवले.
धागा पिंजायचा, मेणाच्या बोटांनी पिळायचा,
की होतं मऊसर, ओलसर दिसणारं अंग.
मग तांब्याची तार, केसाएवढी, वळ्या पाडत.
मानेशी मोरपिसाचे दोन तंतू, ते पाय.
गाठ. गाठीवर दुकानातलंच वार्निश.

पहिल्या पाच त्यांनी उजेडात धरल्या
आणि आगपेटीत परत टाकल्या.
ही मोटार आहे, म्हणाले. अळी नाही.
एवढे सारखे वेढे कुठल्या जिवाला असतात?

रविवारी सोमेश्वरच्या वर गेलो.
धरणाचं पाणी सुटलेलं नव्हतं,
काळ्या खडकांतून नदी घोट्याएवढी पळत होती.
त्यांनी पँट दुमडली, वाकले, एक दगड उचलला
आणि उलटा करून माझ्या हातात दिला,
प्रसादाचं ताट द्यावं तसा, दोन्ही हातांनी.

दगडाच्या पोटाला चिकटलेली एक नळी,
गव्हाच्या दाण्याएवढी, वाळूच्या कणांची.
अळी स्वतःच्या तोंडच्या रेशमाने
एकेक कण जोडत आत राहते.
काळं डोकं जरा बाहेर आलं, गेलं.
एक कण मोठा, एक बारका, एक तिरका,
आणि एक चमकत होता.
मी डोळे बारीक केले. सोनेरी रंगाचा पापुद्रा,
कुठल्या तरी मूर्तीच्या मुकुटावरचा,
भाद्रपदात विरघळून आलेला.
हिने तो भिंतीत बसवला होता,
जिथे बसला तिथे.

सुभेदारांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
दगड होता तिथेच ठेवला, तोंड खाली करून.

टाकायचं प्रवाहाच्या वर, म्हणाले,
आणि ओढायचं नाही. अळी कुठं पोहते?
सुटली की वाहते, तशी वाहू दे.
दोरा थबकला की मनगट वर.
हे मला कळलं. मोटारीतला बिघाडही असाच,
कानाला नाही, आधी हाताला समजतो.
तरी तीनदा चुकलो, एकदा खडकच धरला,
येवल्याचं रेशीम गोदावरीत राहिलं.
ऊन डोक्यावर आल्यावर एक खवल्या लागला,
वीतभरही नाही. ओठात ती हिरवी अळी,
पाचांतली शेवटची, दातांनी विस्कटलेली,
आणि आता कुठे खरी दिसत होती.
ओल्या हाताने सोडवला. तळव्यातून गेला
ते अजून तळव्याला आहे.

रात्री सहावी बांधली. वेढे मोजले नाहीत.
एका ठिकाणी जरीचा कण अडकवला, तिरका.
सुभेदारांनी ती बराच वेळ फिरवून पाहिली,
काही बोलले नाहीत,
आगपेटीत न ठेवता लोकरीच्या टोपीला टोचली.

सोमवारी अंबडच्या गिऱ्हाइकाच्या कॉइलमध्ये
दोन वेढे कमी पडले माझ्याकडून,
बावीस वर्षांत पहिल्यांदा.
उलगडली. पुन्हा भरली.